पाच हजारांच्या आतली चोरी

(सोलापूर. पहाट. होम मैदान. खराट्यांचा आवाज.)

सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उठली, की होम मैदान असं दिसतं. झाडणारे हे महापालिकेचे कामगार आहेत. शिक्षा म्हणून इथं कोणी आलेलं नाही, हे आधीच सांगून टाकू.

(कोर्टाचं आवार. चहाची टपरी.)

सायकल नेली, दुकानातून डबा उचलला. असली भुरटी चोरी आता वेगळी मोजली जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ बघा. माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली. असं असेल तर शिक्षा एकच, सामुदायिक सेवा. म्हणजे लोकांच्या उपयोगाचं काम, बिनमजुरीचं. दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घालणाऱ्यालाही कोर्ट हीच शिक्षा देऊ शकतं.

(सेटलमेंट भागातली गल्ली.)

सोलापुरात 'कामाला लावणं' याला एक कडू चवही आहे. इंग्रजांनी कायदा करून जन्मावरूनच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती इथं तारेच्या कुंपणात डांबल्या, गिरण्यांत राबवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. तिथं शिक्षा होती, गुन्हाच नव्हता.

(गाडीच्या काचेतून ज्वारीची रानं, मग डाळिंबाच्या बागा.)

मंगळवेढा, सांगोला मागं पडतं. आटपाडी येतं. जिल्हा सांगली लागला, पण ऊन तेच.

(स्वतंत्रपूर. उघडं शिवार. कॅमेरा सावकाश फिरतो.)

भिंत शोधू नका. १९३९ साली औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. सोबत होते पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन. पायात बेडी नाही, दाराला गज नाहीत. कैद्यानं बायकापोरांसह राहायचं, रान कसायचं, पिकेल ते खायचं. पळायचं म्हटलं तर चारी बाजूंनी माळ मोकळा. आणि इथं आणले कोण? पाकीटमार नव्हेत, खुनाची शिक्षा झालेली माणसं! त्यांच्या हाती कुदळ देताना राजाचा हात कचरला नाही. सायकलचोराच्या बाबतीत आपला मात्र अजून कचरतो.

(पुन्हा कोर्टाचा जिना.)

काम किती तास, देखरेख कोणाची, हे संहितेत लिहिलेलं नाही. काम चुकवलं तर कैद आहेच.

(होम मैदान. कचऱ्याची गाडी भरून निघते. निवेदन नाही.)