रात्री कुठे झोपला होता?

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्याचे दिवस होते. मी नुकताच एमबीबीएसची शेवटची परीक्षा देऊन एका ग्रामीण रुग्णालयात इंटर्न म्हणून रुजू झालो होतो. पहाटे साडेचारच्या सुमारास एक बाई आपल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. बरोबर मुलाचा चुलता. मुलगा पोट धरून वाकलेला, वाटेत दोनदा उलटी झालेली. मी विचारलं, "काल काय खाल्लं?" आई म्हणाली, "भाकरी, पिठलं, आणि सांजच्याला बाजारातली भजी." भजी हा शब्द कानावर पडला आणि माझ्यापुरता रोग ठरला. पोटदुखीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि खुर्चीत येऊन बसलो.

अर्ध्या तासाने सिस्टर आल्या. वीस वर्षं नोकरी झालेल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, जरा येता का? पोरगं डोळे उघडत नाहीये. झोपलेलं नाही ते, हाक मारली की ओ देतंय. पण पापण्या वर होत नाहीत." आणि मी खाटेपाशी पोचेपर्यंत त्यांनीच आईला विचारलं, "ताई, रात्री कुठे झोपला होता हा?"

"खालीच की. वाकळ टाकून. पोत्यांच्या कडंला."

मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक. चावल्याचं दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधूनही सापडेलच असं नाही. माणूस पुष्कळदा जागाही होत नाही. पहाटे उठतो तो पोटदुखीने. मग पापण्या जड होतात, आवाज नाकात जातो, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी श्वास घेणारे स्नायूच थांबतात. आम्ही सर्पदंशावरची लस सुरू केली, पण मण्यारीच्या विषाने नसांची टोकं एकदा धरली की लस ती लगेच सोडवू शकत नाही. त्या मुलाला श्वास हवा होता. तो आम्ही हाताने फुगा दाबून दिला. मी, सिस्टर, वॉर्डातले मामा आणि मुलाचा चुलता, आळीपाळीने, जिल्ह्याच्या गावाहून गाडी येईपर्यंत. नंतर गाडीतही.

श्रोतेहो, मण्यारीच्या विषावर मी परीक्षेत टीप लिहिली होती, आणि चांगले गुण मिळवले होते. मला सगळं येत होतं. पण ते सगळं मी 'सर्पदंश' या मथळ्याखाली वाचलं होतं, आणि रुग्ण काही मथळा घेऊन येत नाही. तो "पोट दुखतंय" म्हणत येतो. तिथून मण्यारीपर्यंतचा रस्ता मला कोणी चालवून दाखवला नव्हता. सिस्टरना तो पायाखालचा होता, कारण त्यांनी त्यावर माणसं जाताना पाहिली होती.

पुढे मी शिकवायला लागलो, आणि एकच गोष्ट मनात घोळत राहिली. हा रस्ता विद्यार्थ्यांना एखाद्या खऱ्या मुलाच्या जिवावर शिकावा लागू नये.

सुश्रुतसंहितेत एक अख्खा अध्याय सरावावर आहे. शस्त्र चालवण्याआधी शिष्याने कोहळ्यावर, दुधी भोपळ्यावर, काकडीवर छेद घ्यायला शिकावं, असं त्यात सांगितलं आहे. हाताचा सराव आधी करायचा, हे आपल्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मग विचारण्याचा, ऐकण्याचा सराव का नसावा? निदान तर तिथेच होतं. १९७५ साली इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या ६६ जणांच्या बाबतीत नुसती हकीगत ऐकून जे निदान केलं, तेच शेवटी खरं ठरलं. तपासणीने आणखी ७ जणांचं उलगडलं, आणि रक्त-लघवी-एक्सरे वगैरेंनी आणखी ७ जणांचं. आज सीटी स्कॅन आणि एमआरआय आले तरी कोणता स्कॅन काढायचा हे हकीगतच सांगते. आणि ती हकीगत आम्ही डॉक्टर किती ऐकतो? १९८४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात रुग्ण बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मधेच तोडताना आढळले. माझ्या त्या पहाटेच्या १८ सेकंदांत भजी आली होती.

रुग्णाचं सोंग घेऊन शिकवायची पद्धत १९६३ साली अमेरिकेत, लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. हॉवर्ड बॅरोज नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ तिथल्या विद्यापीठात शिकवत होते. त्याआधी त्यांच्या पाहण्यात एक रुग्ण आला होता. परीक्षेसाठी तपासायला दिलेल्या या रुग्णाला एका परीक्षार्थीने दांडगाईने हाताळलं, तेव्हा त्याने रागावून आपली लक्षणं मुद्दाम बदलून दाखवली. रुग्णाला ठरवून लक्षणं दाखवता येतात, हे बॅरोजनी तिथे हेरलं. मग त्यांनी चित्रकारांसमोर बसणाऱ्या एका मॉडेलला तयार केलं आणि पाय लुळे पडलेल्या स्त्रीची भूमिका दिली. विद्यार्थी तिला तपासायचे, आणि तपासणी झाली की ती, कोणी काय विचारलं, काय सोडलं, ते टिपून द्यायची. सुरुवातीला पुष्कळांनी याला नाटकीपणा म्हणून नाकं मुरडली. पुढे बॅरोज कॅनडात हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात गेले. तिथे १९६९ पासून विद्यार्थ्यांना लहान गटात बसवून आधी रुग्णाची अडचण द्यायची आणि तिच्यामागे विषय शिकायला लावायचं, अशी रीत होती. सोंग आणि गट या दोन्ही गोष्टी तिथे एकत्र नांदल्या.

आता आमच्या वर्गात या.

एक खाट, एक पडदा, एक फळा. तिसऱ्या वर्षाचे चार विद्यार्थी आणि नर्सिंगच्या दोन मुली. एक जण विचारणारा, एक तपासणारा, एक फळ्यावर शक्यता लिहिणारी. चौथ्याचं काम एकच: "हे नसेल तर?" असं विचारत राहायचं. मुलं त्याला शंकासुर म्हणतात. सुरुवातीला कोणाला शंकासुर व्हायचं नसतं. महिनाभराने त्या जागेसाठी भांडणं होतात.

रुग्णाची आई झालेल्या आमच्या मावशी. तीस वर्षं वॉर्डात काम करून निवृत्त झालेल्या. त्यांना अभिनय शिकवावा लागला नाही. घाबरलेली आई पदराचं टोक कसं पिळते, डॉक्टरने काही विचारलं की आधी नवऱ्याकडे किंवा दिराकडे कशी बघते, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं. मी त्यांना फक्त नियम सांगितला: विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर लपवायचं नाही. मुलगा झालेल्या विद्यार्थ्याच्या हातात घड्याळ. पाचव्या मिनिटाला आवाज नाकात न्यायचा, सातव्याला पापण्या अर्ध्या उतरवायच्या, दहाव्याला लाळ गिळणं थांबवायचं.

मावशी आत आल्या. "बघा हो सायेब, पोरगं पहाटेपासनं पोट धरून बसलंय."

आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पहाट पुन्हा घडायला लागली. काय खाल्लं? भजी. फळ्यावर सगळ्यात वर 'अन्नातून विषबाधा'. त्याखाली अपेंडिक्स, जंत. एका हुशार मुलाने रक्तातली साखर बघायला सांगितली, मधुमेहाच्या बेशिस्त साखरेनेही मुलांचं पोट दुखतं म्हणून. मला बरं वाटलं. शंकासुराने विचारलं, "भजी घरात सगळ्यांनी खाल्ली का?" मावशी म्हणाल्या, "खाल्ली की. आमाला कुठं काय झालं?" फळ्यावरच्या विषबाधेपुढे प्रश्नचिन्ह पडलं. तेवढ्यात नर्सिंगची मुलगी हळूच म्हणाली, "त्याचे डोळे बघा ना." विचारणारा मुलगा मान न वळवता म्हणाला, "रात्रभर जागा असेल. झोप आलीय." ती गप्प बसली. अकराव्या मिनिटाला मी टाळी वाजवली. खेळ थांबला. मुलगा गेला होता.

खरं शिकणं त्यानंतरच्या अर्ध्या तासात असतं. गोल करून बसायचं, मावशीसुद्धा त्यात. मी त्या मुलीला विचारलं, "तू दिसलेलं बरोबर सांगितलंस. मग सोडून का दिलंस?" ती म्हणाली, "सर, ते डॉक्टर होणार आहेत ना. त्यांना जास्त कळत असेल."

वर्गात कोणी बोलेना. मी त्यांना माझ्या सिस्टरांची गोष्ट सांगितली. त्या जर त्या दिवशी गप्प बसल्या असत्या, तर? हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो. तेव्हापासून आमच्या वर्गात एक नियम आहे. कोणीही, कितीही हळू बोललं तरी विचारणाऱ्याने थांबून त्या व्यक्तीकडे वळायचं आणि "पुन्हा सांग" म्हणायचं. पाठ करून घ्यावं लागतं ते. चांगल्या स्वभावाच्या मुलांनाही.

दुसऱ्या गटासमोर हीच केस ठेवली, तेव्हा त्या विचारणाऱ्या मुलाला मी रुग्ण म्हणून खाटेवर झोपवलं. त्या गटाने झोपायच्या जागेचा प्रश्न विचारला, सर्पदंश फळ्यावर आला. मग त्यांनी वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी मागितली. मी सांगितलं, रक्त गोठलं. एकाने लगेच डस्टर उचलून 'सर्पदंश' पुसला. त्यांची शंकासुर एक लातूरची मुलगी होती. ताडकन उठली. "थांब. घोणस, फुरसं असेल तर रक्त गोठणार नाही. मण्यार रक्ताला हात लावत नाही, ती नसा धरते. याला एका श्वासात आकडे म्हणायला सांग." खाटेवरच्या मुलाने ठरल्याप्रमाणे सातावर श्वास सोडला. "उशीवरून डोकं उचल." उचललं नाही. शब्द पुन्हा फळ्यावर आला, आणि या वेळी वरच्या ओळीत.

गोलात बसल्यावर खाटेवरून उठलेला मुलगा म्हणाला, "सर, चार जण माझ्या अंगावरून एकमेकांशी बोलत होते. माझ्याशी कोणीच बोललं नाही. मला खरंच भीती वाटली." हे तो कुठल्या व्याख्यानात शिकला असता?

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, ती भाषेची. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशभरातल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, त्यामुळे वर्गात राजस्थानची, केरळची मुलं असतात. पण पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मराठी मुलांनाही 'मुरडा' आणि 'कळ' यांतला फरक सांगता येत नाही. मुरडा म्हटलं की आतडं पिळवटल्यासारखं, शौचाला लागल्यासारखं. कळ येते आणि जाते. ठणका आतल्या आत ठोके देतो. पुवाने भरलेल्या बोटाला विचारा! चमक एका हालचालीसरशी निघते. कणकण थर्मामीटरवर दिसेलच असं नाही. "जीव घाबरा होतोय" असं मधुमेहाची बाई घाम पुसत म्हणाली, तर तिच्या छातीत दुखत नसलं तरी ईसीजी काढायचा आणि साखरही बघायची. आपल्या लोकांनी दुखण्याचे इतके बारकावे शब्दांत भरून ठेवलेत, आणि आम्ही केसपेपरवर नुसतं 'पेन' लिहितो. मावशींसारखी माणसं वर्गात आली की हे शब्द वर्गात येतात. केरळची एक विद्यार्थिनी आता "उसण भरलीय का?" असं बिनचूक विचारते.

२०१९ पासून देशाच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला, कौशल्य-प्रयोगशाळाही सक्तीच्या झाल्या. फार चांगलं झालं. पण आमच्याकडे विद्यार्थी पुष्कळ आणि शिक्षक थोडे. त्यामुळे कुठे कुठे हे तास वहीत सह्या होण्यापुरते उरतात, याचं मला दुःख होतं. खर्च म्हणाल तर एक खाट आणि एक फळा. लागतो तो वेळ, आणि चुकीचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा धीर. सोंगाने सगळं येतं असंही नाही. वाढलेलं यकृत, हृदयातली सूक्ष्म खरखर यांचं सोंग कोणी आणू शकत नाही. त्यासाठी वॉर्डातच उभं राहावं लागतं.

त्या दिवशी तास संपला. ज्याने रुग्ण केला त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारून उठवायचं, हा मावशींचा शिरस्ता. तसं त्यांनी केलं, त्याला तोंड धुवायला लावलं, चहा दिला. मग खुर्च्या लावता लावता मला विचारलं, "सर, त्या खऱ्या पोराचं पुढं काय झालं हो?" मुलंही थांबली.

मी सांगितलं. जिल्हा रुग्णालयात त्याला चार दिवस यंत्रावर ठेवलं. पाचव्या दिवशी सकाळी मी सिस्टरना घेऊन भेटायला गेलो. त्याच्या पापण्या अजून अर्ध्याच उघडत होत्या. सिस्टरांचा आवाज ऐकून त्याने मान वळवली, आणि बोलता येत नव्हतं म्हणून दोन बोटांनी त्यांच्या साडीची किनार धरून ठेवली.

नमस्कार.