शत्रूने मारलं तरच लागतं का?

नमस्कार मंडळी,

परवा व्हेटरन्स डेला, म्हणजे माजी सैनिकांच्या दिवशी, शाळेत मुलांना सैनिकांच्या पदकांची माहिती दिली. घरी आल्यावर दप्तर काढायच्या आधीच लेकीने विचारलं, "आई, समोरच्या आजोबांना पर्पल हार्ट का नव्हतं?" मी सांगितलं, "शत्रूने जखमी केलं तर ते पदक मिळतं." ती म्हणाली, "शत्रूने मारलं तरच लागतं का?"

आजोबा सप्टेंबरात गेले. आपण इथे नवे आलो तेव्हा आपल्या दारातला बर्फ काढणारे तेच ते आजोबा. एकोणिसाव्या वर्षी ते व्हिएतनामला गेले होते. शत्रूला लपायला झाडी आणि खायला पीक उरू नये, म्हणून १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकन विमानांनी तिथे सुमारे १ कोटी ९० लाख गॅलन तणनाशकं फवारली. सगळ्यात जास्त वापरलं गेलं ते एजंट ऑरेंज. पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, त्यावरून हे नाव. त्यात निम्मं टू-फोर-डी हे तणनाशक. उसाच्या पट्ट्यातून आलेल्यांनी आत्ता मान वर केली, मी पाहिलं. गावाकडे आपल्या आज्यांच्या हातातलं खुरपं सुटलं ते याच औषधामुळे. पण डायॉक्सिन हे घातक विष होतं ते उरलेल्या निम्म्यात, टू-फोर-फाइव्ह-टीमध्ये. ते बनवतानाच तयार व्हायचं.

आणि हे एजंट ऑरेंज बनायचं कुठे? त्यातला एक कारखाना इथे न्यू जर्सीत, आपल्या नुअर्कमध्ये, लिस्टर अव्हेन्यूवर, पसेइक नदीच्या काठी. डायॉक्सिनमुळे त्या नदीतले खेकडे आजही खायचे नाहीत. वीस-वीस वर्षं आपण त्या नदीवरचा पूल ओलांडतोय, कोणी कधी विचारलं का?

न्यू जर्सीने मात्र १९८० सालीच या सैनिकांसाठी स्वतःचा आयोग नेमला, त्यांच्या रक्तातलं डायॉक्सिन मोजायला मदत केली. याचा मला अभिमान वाटतो. वॉशिंग्टनचा कायदा आला तो १९९१ मध्ये. तुमच्याच अंगावर फवारा पडला हे सिद्ध करत बसू नका, युद्धाच्या काळात व्हिएतनामच्या भूमीवर होतात एवढं पुरे, असं तो कायदा म्हणतो. पण आजारांची यादी हळूहळू वाढली. मधुमेह २००१ मध्ये आला, पार्किन्सन २०१० मध्ये आणि रक्तदाब तर थेट २०२२ मध्ये. आजोबांना पहिले दोन्ही होते. भरपाईचं पत्र आलं तेव्हा त्यांची साठी उलटली होती. रकमेवर त्यांनी बोट ठेवलंच नाही, ठेवलं ते 'सर्व्हिस कनेक्टेड', म्हणजे सैन्यातल्या सेवेमुळे झालेलं, या दोन शब्दांवर.

तरी पदक नाही. फवारा आपल्याच विमानांचा होता ना. होल्मडेलला न्यू जर्सीचं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक आहे, त्यावर तिथे गेलेल्यांची नावं तारखेप्रमाणे कोरली आहेत, दीड हजारांवर. तिथे आजोबांचं नाव येणार नाही. आणि ज्यांच्या शेतावर, विहिरीवर तो फवारा पडला, त्या व्हिएतनामी बायामुलांसाठी तर असा कायदाच नाही. २००५ मध्ये त्यांचा दावा न्यूयॉर्कच्या कोर्टाने फेटाळला. लेकीचा प्रश्न त्यांच्या वतीनेही आहेच.

मंडळी, रागावू नका, पण बोलते. ग्रीन कार्डाचा कुठला फॉर्म कधी भरायचा हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. चौदा वर्षं आजोबांच्या हाताचा कंप दिसत होता, त्यांच्या कागदांचं काय झालं हे आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

आता समोरच्या आजी एकट्या आहेत. सैनिकाच्या विधवेला मिळणारा भत्ता हवा, तर सहसा मान्य झालेल्या आजाराचा मृत्यूशी संबंध दाखवावा लागतो. मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी फक्त न्यूमोनिया लिहिलंय. पार्किन्सनच्या रोग्याला घास गिळता येत नाही, तो श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो, हे इथल्या प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. तुमच्यापैकी कोणी असे दाखले दुरुस्त करून घेतले असतील, तर जेवायच्या आधी मला भेटा. आम्ही दोन पत्रं पाठवली, उत्तर नाही. लेक रोज संध्याकाळी पत्रपेटी उघडून येते आणि विचारते, "त्यांना लागलं होतं असं लिहून आलं का?"