मुलगा कम्युनिटी कॉलेजला निघाला, तयारी मात्र माझी झाली

चहा घेऊन बसा निवांत, मागे अजून खुर्च्या आहेत.

आमच्या मुलाने हायस्कूल संपल्यावर कम्युनिटी कॉलेजला, म्हणजे दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजला, जायचं ठरवलं तेव्हा मी सांगलीला आईला फोन केला, तर ती म्हणाली, म्हणजे ज्युनिअर कॉलेज का गं? मी हसले. पण ती फार चुकली नव्हती, अमेरिकेतलं पहिलं पब्लिक कम्युनिटी कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं आणि त्याचं नाव आजही जोलिएट ज्युनिअर कॉलेजच आहे. आपल्याकडे कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मात्र हे नाव हळू आवाजात घेतात. कोजागिरीला कुणी विचारलं, मुलगा कुठे? तर "इथेच जवळ, पण ट्रान्सफर करणारे हं!" म्हणजे दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत जाणार. हा 'पण' मीही लावलाय, सांगायला काय लाज.

पैशाचं पटकन सांगते. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या एका युनिटला, म्हणजे क्रेडिटला, ४६ डॉलर, इथल्या डी अँझा आणि फूटहिल कॉलेजांना सेमिस्टरऐवजी छोटे क्वार्टर असतात म्हणून ३१. ट्रान्सफरला ९० क्वार्टर युनिट लागतात, म्हणजे २,७९० डॉलर, पुस्तकं, पार्किंग आणि बारीकसारीक फिया वेगळ्या. यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाची, एका वर्षाची फीच १४ हजारांच्या वर जाते. झालं.

आता खरी तयारी. पूर्वी प्लेसमेंट टेस्ट असायची, आता हायस्कूलचे मार्क बघून गणित-इंग्लिशचा वर्ग ठरतो. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षांचे, स्कोअर मात्र आपणहून पाठवावे लागतात, आमच्याने ते राहिलं आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी सिस्टिम त्याला कॅल्क्युलसचा पुढचा वर्ग घेऊच देईना, स्कोअर पोचेपर्यंत तो वेटलिस्टवर अकरावा. इंजिनीअरिंगवाल्यांनी हे लक्षात ठेवा, गणिताची साखळी असते, एक कडी मागे पडली की फिजिक्सही मागे पडतं आणि दोन वर्षांची तीन होतात. आणि १ युनिट म्हणजे वर्गात १ तास, घरी २ तास, म्हणजे १५ युनिटला आठवड्याचे ४५ तास झाले, त्यात बोबा चहाच्या दुकानात नोकरी कुठे बसवायची ते आधी बघा.

पण मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. हायस्कूलच्या सवयीने मी रात्री त्याच्या मार्कांचं पोर्टल उघडायला गेले, काहीच दिसेना. कॉलेजला फोन केला तर तिथली बाई शांतपणे म्हणाली, तुमच्या मुलाची लेखी परवानगी लागेल. अहो, तो १७ वर्षांचा होता! १९७४ चा फर्पा कायदा आहे, मूल १८ चं झालं किंवा कॉलेजात गेलं, जे आधी होईल ते, की रेकॉर्डवरचा हक्क त्याचा. ज्यांच्या मुलांना हायस्कूलमध्ये आयईपी (खास गरजा असलेल्या मुलासाठी शाळेचा वेगळा आराखडा) होता त्यांनी तर नीट ऐका, तो आपोआप पुढे येत नाही, मुलानेच कागद घेऊन डिसॅबिलिटी ऑफिसात जायचं आणि मागायचं. काउन्सिलरही घरी फोन करत नाही. म्हणून धाकटीच्या वेळी मी उन्हाळ्यातच सुरू केलं, दाताच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तिने घ्यायची, ईमेल तिने लिहायचे, मी फक्त गाडीच्या किल्ल्या द्यायच्या. पहिल्या ईमेलला तीन दिवस लागले. मी स्वयंपाकघरात हात बांधून उभी.

एच-४ वाल्यांसाठी, म्हणजे आईवडिलांच्या एच-१बी व्हिसावर आलेल्या मुलांसाठी, एक वेगळं. फॅफ्सा या अर्जावर मिळणारी सरकारी मदत त्यांना मिळत नाही, आणि २१ व्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे १८ ला सुरू केलं तर ट्रान्सफर झाल्यावर मध्येच ती तारीख येते, वकिलाशी आत्ताच बोला.

आणि टॅग, म्हणजे ट्रान्सफरला यूसीत प्रवेशाची हमी. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ या सहांपैकी एकाच कॅम्पसला अर्ज करता येतो, तोही सप्टेंबरातच. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो यात नाहीत. सांता बार्बराच्या इंजिनीअरिंगलाही चालत नाही. कुठला विषय कुठे धरला जातो ते असिस्टच्या साइटवर दिसतं, ते बघायला मुलाच्या शेजारी बसा, माऊस त्याच्या हातात द्या.

बरं, आता प्रश्न. नाही काका, हात खाली घ्या, मागच्या रांगेतली मुलं आधी विचारणार.