बाळाचं वजन झालं, आईचं बीपी राहिलं

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या उन्हाळ्यात एका आशाताईंबरोबर मी एका बाळंतिणीच्या घरी गेले होते. पहिलं बाळंतपण, म्हणून पोरगी माहेरी आलेली. सातवा दिवस. बाहेर वैशाखाचं ऊन आणि बाजेखाली शेगडी! डोक्याला घट्ट फडकं, उशाशी डिंकाच्या लाडवांचा डबा. आशाताईंनी काट्याच्या झोळीत बाळाला घातलं, आकडा वहीत लिहिला, थर्मामीटर लावला. बाळ छान होतं. निघता निघता मी पोरीला विचारलं, "तुझं कसं काय गं?" उत्तर तिच्या आईनं दिलं, "दोन दिवस झाले डोकं धरलंय तिनं. जागरणाचं असेल."

माझ्या पिशवीत बीपीचं यंत्र होतं. लावलं. 164/112.

नवव्या महिन्यात तिचं बीपी वाढलेलं होतं. घरी सोडताना गोळ्याही दिल्या होत्या. पण मावशी म्हणाली, गोळी दुधातून बाळाला जाते. मग गोळ्या फळीवरच राहिल्या. खरं तर बाळंतिणीला आम्ही नेहमी देतो त्या निफेडिपिन, लॅबेटालॉल, एनालाप्रिल या गोळ्या अंगावर पाजताना चालतात. हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्यात आम्ही डॉक्टरही आलोच.

बाळ बाहेर आलं की बीपीचा त्रास संपला, असं घराघरांत मानतात. पुष्कळ जणींचं बीपी हळूहळू उतरतं, हे खरं आहे. पण गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी बाळंतपणानंतर परत रक्तात येतं आणि तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान बीपी उलट चढतं. साध्या बाळंतपणात 48 तासांनी घरी सोडतात. म्हणजे बीपी चढायच्या वेळी बाई घरात असते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात कळ, उलट्या, असं काहीही झालं तर जागरणाला दोष न देता त्याच दिवशी बीपी मोजून घ्या. वरचा आकडा 160 किंवा खालचा 110 झाला, तर थेट मोठा दवाखाना गाठा.

आज मला बोलायचंय ते संशोधनाबद्दल. पोट असतानाच्या बीपीवर चांगलं काम झालंय, आणि त्यातलं काही आपल्या नागपुरात झालंय. मेडिकल आणि डागा या दोन सरकारी दवाखान्यांत बीपी फार वाढलेल्या 894 गरोदर स्त्रियांना तीनपैकी एका औषधाच्या तोंडानं घ्यायच्या गोळ्या दिल्या गेल्या. ते निष्कर्ष 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. सहा तासांत, दुसरा काही त्रास न होता, बीपी आटोक्यात आलं ते निफेडिपिनवर 84 टक्के जणींचं, लॅबेटालॉलवर 77 आणि जुन्या मिथिलडोपावर 76 टक्के जणींचं. शिरेतून औषध द्यायचं तर सारखं लक्ष ठेवायला माणूस लागतो. जिथे रात्रपाळीला एकच सिस्टर असते, तिथे या तीन आकड्यांची किंमत कळते. बीपी फार वाढून येणाऱ्या झटक्यांवरच्या मॅगसल्फचंही, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शनचंही, तसंच. 2002 साली 33 देशांतल्या दहा हजारांवर स्त्रियांच्या अभ्यासातून त्याचा उपयोग पक्का झाला, आणि आज कुणी त्यावर वाद घालत नाही.

बाळंतपणानंतरचं मात्र विचारू नका. कोणती गोळी आधी द्यायची, किती दिवस द्यायची, कधी कमी करायची, यातलं बरंचसं आम्ही सवयीनं ठरवतो. ऑक्सफर्डला 220 बाळंतिणींवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2023 साली आले. बायकांनी घरीच बीपी मोजायचं, आकडा फोनवरून कळवायचा आणि डॉक्टरांनी त्यावरून गोळी कमी-जास्त करायची. काही आठवड्यांची ही देखरेख; पण नऊ महिन्यांनी पाहिलं तर त्यांचा खालचा आकडा इतरांपेक्षा पाच-सहानं कमी होता. असं बीपी झालेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो, हे लक्षात घेतलं तर हे पाच-सहा फार मोठे आहेत.

पण ऑक्सफर्डची बाई आणि आपली बाई यांत फरक आहे. आपल्याकडे फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या खिशात असतो. शिवाय तपासणी सासरी, बाळंतपण माहेरी, आणि सव्वा महिन्यानं नाहीतर तिसऱ्या महिन्यात पुन्हा सासरी. मग पाठपुरावा कुणी करायचा? दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात. ही भेट मुळात बाळासाठी आखलेली. याच भेटीत आईच्या दंडालाही पट्टा बांधला, तर किती झटके, किती पक्षाघात टळतील? प्रश्न साधा आहे. तो आपल्याच गावांत, आपल्याच आशाताईंच्या हातून तपासायला हवा. ऑक्सफर्ड तो सोडवून देणार नाही.

त्या पोरीला त्याच दिवशी दवाखान्यात हलवलं. ती बरी झाली, आणि सासरी जाताना आईनं लाडवांच्या डब्याबरोबर बीपीचं यंत्रही दिलं. तिकडच्या दवाखान्यात बाळाचं कार्ड पाहिलं, लस टोचली. हिचं कुणी विचारलं नाही. आता ती दर रविवारी मला आकडा कळवते. परवा 134/86 होता. "गोळी बंद करू का, मॅडम?" म्हणाली. मी म्हटलं, अजून महिनाभर घे.

महिनाच का, हे तिनं विचारलं नाही. बरं झालं.