चेहरा एकीचा, गळा दुसरीचा

हे गाणं नीट ऐका. १९६४ सालचा संगीतमय चित्रपट 'माय फेअर लेडी'. प्राध्यापकावर चिडलेली नायिका एलायझा 'जस्ट यू वेट' म्हणायला लागते. सुरुवातीचा दातओठ खाणारा आवाज एलायझा साकारणाऱ्या ऑड्री हेपबर्नचा स्वतःचा आहे. मग गाणं वर चढतं आणि आवाज बदलतो. तिथून गाते पार्श्वगायिका मार्नी निक्सन. जोड बेमालूम आहे. पण एकदा कळली की दर वेळी कानाला टोचते.

हेपबर्नला गाता येत नव्हतं? तीनच वर्षं आधी 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज'मध्ये खिडकीत बसून तिनेच 'मून रिव्हर' गायलं होतं. हेन्री मॅन्सिनीने ती चाल तिच्या गळ्याचा पल्ला ओळखून बांधली होती. गाण्याला ऑस्कर मिळालं. एलायझाची गाणी मात्र चित्रपटाआधी रंगभूमीवर ज्युली अँड्र्यूजने गाजवलेली, तिच्यासारखाच चढा गळा मागणारी.

आता 'माय फेअर लेडी'तले प्राध्यापक, रेक्स हॅरिसन पाहा. ते गातच नाहीत म्हणा ना! सुराच्या कडेकडेने, तालात बोलतात. आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणून टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवला आणि चित्रीकरण चालू असतानाच गाणी टिपली. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर त्यांना मिळालं. हेपबर्नला साधं नामांकनही नाही.

तेव्हा नटाने स्वतः गावं की नाही, हा प्रश्नच मला अर्धा वाटतो. चाल कोणाच्या गळ्याला बेतलीय, ते आधी विचारा. २०१२च्या 'ले मिझराब्ल'मध्ये नट सेटवर थेट गायले, कानात फक्त पियानोची साथ. ॲन हॅथवेचा हुंदक्याने तुटणारा सूर भूमिकेत विरघळून गेला. त्याच पद्धतीने गाणाऱ्या रसेल क्रोवर मात्र टीका झाली. थेट गाण्याने खरेपणा येतो, सूर येतोच असं नाही.

चाल बदलता येत नसेल, पट्टी उतरवता येत नसेल, तर खुशाल दुसऱ्याचा गळा घ्यावा. फक्त त्याचं नाव लिहावं. 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा कर, 'वेस्ट साइड स्टोरी'मध्ये नॅटली वुड, मग हेपबर्न. तिघींसाठी निक्सन गायली, आणि तिन्ही श्रेयनामावल्यांत तिचं नाव नव्हतं. १९६५ मध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये ती एकदाची पडद्यावर दिसली, एका ननच्या छोट्याशा भूमिकेत. नायिका होती ज्युली अँड्र्यूज. तिला कोणाचा गळा उसना घ्यावा लागत नव्हता.