तीन मिनिटांचं गाव

नमस्कार मंडळी. कॅमेरा दिसला की पोरं काय करतात ते तुम्हाला सांगायला नको, गणपतीच्या मिरवणुकीत न्यूजवाला आला की त्याच्या मागेपुढे उड्या मारतात ना, अगदी तेच. फक्त गाव पोलंडमधलं, नाशेल्स्क, वॉर्सापासून साधारण ५० किलोमीटर, आणि साल १९३८, ऑगस्ट महिना. डेव्हिड कुर्ट्झ नावाचे अमेरिकेतले गृहस्थ युरोप टूरवर निघाले होते, जाता जाता लहानपणी सोडलेलं गाव बघायला आले, हातात १६ एमएमचा कॅमेरा. झालं, पोरांनी गराडा घातला. एकमेकांना ढकलतायत, हसतायत, कॅमेरा वळला की पळत जाऊन परत पुढे. बाकी काही घडतच नाही हो त्या फिल्ममध्ये! तीनच मिनिटं, त्यातली काही रंगीत.

२००९ मध्ये त्यांच्या नातवाला, ग्लेन कुर्ट्झना, फ्लोरिडात आईवडिलांच्या कपाटात ते रीळ सापडलं, आकसलेलं, चिकटलेलं. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट म्युझियमने, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या कत्तलीची आठवण जपणाऱ्या संग्रहालयाने, ते वाचवलं आणि वेबसाइटवर टाकलं, तर एका बाईंना त्या गर्दीत चक्क आपले आजोबा दिसले, १३ वर्षांचे! मग आजोबांनीच पडद्यावरच्या आणखी काही जणांना ओळखलं. एका किराणा दुकानाची पाटी इतकी धूसर की संशोधकांनी नाव लागावं म्हणून एकेक अक्षर जुळवलं, एवढी मेहनत का, तर विचारायला गावात कुणी उरलंच नव्हतं. ३००० च्या आसपास ज्यू होते, वाचले १०० हून कमी.

आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्राएली ज्यू, १९४८ नंतर बरेचसे इस्राएलला गेले, पण स्वतःच्या पायांनी गेले, तिकडेही मराठी बोलत राहिले, हा फोटो कुणाचा म्हणून विचारायला माणूस आहे. इथे फिल्ममध्ये लोक सिनेगॉगच्या दारातून गर्दीने बाहेर पडताना दिसतात, आणि डिसेंबर १९३९ मध्ये नाझींनी गाव रिकामं केलं तेव्हा शेकडो जणांना त्याच सिनेगॉगमध्ये कोंडलं होतं, तिथून रेल्वेने नेलं. हे माहीत झाल्यावर ते दार नुसतं दार म्हणून बघता येत नाही, मला तरी.

आणि हो, तुमच्या माळ्यावर असं एखादं रीळ असेल आणि त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर प्रोजेक्टरवर चढवू नका हं, तुटेल, आधी जाणत्या माणसाकडून स्कॅन करून घ्या, आणि मग आजीला शेजारी बसवून विचारा, हा टोपीवाला कोण गं.