आठशे सीसीचा नाद

आयोजकांनी कोल्हापुरातल्या या भाषणाला गाडीतल्या बदलांचा विषय देतानाच सांगितलं होतं: छोटी गाडी, नवशिका मालक आणि खर्च वीस हजारांच्या आत. त्यामुळं टर्बो, ईसीयू रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलणं) वगैरे ऐकायला जे आलेत त्यांनी चहा घेऊन निघालं तरी मला राग येणार नाही. समोर बसलेल्या बऱ्याच जणांकडे सेकंडहँड अल्टो, वॅगनआर, सँट्रो असणार. एखाद्याकडे वडिलांची मारुती 800 अजून जपलेली असेल. ती रोज राजारामपुरीतून शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाते, रविवारी जोतिबा-पन्हाळा करते आणि पावसाळ्यात एकदा तरी गगनबावडा. अशा गाडीला काय करावं, एवढंच बोलू.

आपल्या गावाला मशीन उघडून बघायची खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच बनवून घेतला होता. उद्यमनगरात आजही तुटका पार्ट घेऊन गेलात तर ‘नवीन घ्या’ म्हणण्याआधी लेथवाला तो हातात फिरवून बघतो. तेव्हा गाडीत हात घालू नका असं मी कोल्हापुरात उभं राहून सांगणार नाही, सांगितलं तरी कोण ऐकतंय! माझं म्हणणं आहे ते पैशाच्या क्रमाबद्दल. गाडी थांबते कशानं, रात्री दिसतं कशानं, रस्ता धरते कशानं, तिथं पहिला पैसा जावा. उरलं तर कानाला आणि पाठीला. दिखाव्याचं शेवटी बघू.

आधी पॉवरचा विषय मिटवून टाकतो, कारण प्रश्न तोच येतो. अल्टो 800 चं इंजिन 796 सीसी, तीन सिलिंडर, ताकद साधारण 48 पीएस (अश्वशक्तीचं माप). त्याला चार-पाच हजारांचा ‘परफॉर्मन्स’ एअर फिल्टर लावला की गाडी उडते, असं विकणारा सांगतो. इंजिनात हवा किती जायची हे थ्रॉटलची झडप ठरवते. महाद्वार रोडवर ती झडप जेमतेम किलकिली असते. माळ्यावरच्या टाकीचा पाइप मोठा करून नळ मात्र अर्धाच उघडायचा, तसला हा प्रकार. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबून, इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे जास्त फेऱ्यांना, असतानाच तुमच्या फिल्टरला काही काम पडलं तर पडेल. सायलेन्सर कापून मोकळा केला तर आवाज वाढतो, आवाजामुळं वेग वाढल्यासारखा वाटतो आणि खालच्या आरपीएमला ओढ उलट कमी होऊ शकते. त्यापेक्षा मूळ फिल्टर नवा घाला, प्लग बदला, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या आणि डिकीतलं सामान काढा. सातशे किलोच्या आसपासच्या गाडीला पन्नास किलो कमी झाले की फरक चढाला स्टिअरिंगवर बसल्या बसल्या कळतो. तो मात्र फुकट आहे.

आता दिव्यांकडे येतो, आणि इथं जरा रेंगाळणार आहे. आपल्याकडे दिवाळीच्या आसपास कारखाने सुरू झाले की रात्रीच्या रस्त्यावर उसाच्या डबल ट्रॉल्या येतात. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि बाहेर आलेल्या उसाच्या कांड्या थेट आपल्या काचेच्या उंचीवर. ज्याला ती ट्रॉली पन्नास मीटर आधी दिसली त्याला ब्रेक मारायला जागा मिळाली. म्हणून छोट्या गाडीत सगळ्यात वसूल होणारा खर्च हेडलाइटचा, असं माझं ठाम मत आहे.

मारुती 800 ला काचेचे हेडलाइट होते, ते पिवळे पडत नसत. नंतरच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेटचे आले. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्यांचा वरचा थर मरतो आणि पाच-सात वर्षांत ते धुरकट होतात. मग मालक म्हणतो बल्ब कमजोर झालाय. आधी तो थर काढा. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घ्यायचा, भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावायची, आणि 800 नंबरनं सुरुवात करून 1500, 2000, 3000 असं चढत जायचं. पहिल्या फेरीत वरून पिवळट पाणी उतरतं आणि लेन्स एकदम दुधी होते. हमखास याच वेळी माणूस घाबरतो, गाडी वाया घालवली असं वाटतं. घाबरायचं नाही. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत पुढचा नंबर घ्यायचा नाही. शेवटी रबिंग कंपाउंडनं चमकवायचं. आणि त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारायलाच हवा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळा. टूथपेस्टनं होतं असं सांगणारे असतात. तीही चमकवते, पण क्लिअर कोटाची जागा घेत नाही.

त्यानंतर वायर. बहुतेक छोट्या गाड्यांत एच-फोर हा हॅलोजन बल्ब असतो, 60/55 वॅटचा, म्हणजे हाय बीमला 60 आणि लो बीमला 55. जुन्या गाड्यांत त्याचा करंट बॅटरीपासून निघून स्टिअरिंगजवळच्या स्विचपर्यंत येतो आणि मग परत पुढं दिव्याकडे जातो. एवढ्या लांबच्या बारीक वायरीत आणि झिजलेल्या स्विचमध्ये व्होल्टेज गळतं. हॅलोजनचं गणित असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के घटतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मल्टिमीटरनं आधी बॅटरीवर मोजा, मग बल्बच्या कनेक्टरवर. एक-दीड व्होल्टचा फरक सापडला तर तुमचा निम्मा आजार तिथं आहे.

उपाय रिलेचा, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. बाजारात तयार रिले हार्नेस (रिले आणि वायरींचा जुडगा) मिळतं, हजाराच्या आसपास. जाड वायर बॅटरीवरून फ्यूजमधून थेट दिव्याला जाते आणि मूळ स्विच फक्त रिलेला इशारा देतो. गाडीचा जुना एच-फोर कनेक्टर या हार्नेसमध्ये जसाच्या तसा बसतो, एकही वायर छाटावी लागत नाही. उद्या गाडी विकायची झाली तर अर्ध्या तासात काढून ठेवता येतं. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलजवळ हवा, वीतभर अंतरात. लांब ठेवला तर मधली वायर कुठं घासली तर जळेल आणि फ्यूज बघत बसेल. अर्थिंगचा बोल्ट जिथं बसवाल तिथला रंग खरवडून काढा.

यातलं काही न करता जुन्या वायरीवर 100/90 चा बल्ब लावणारे बरेच आहेत. स्विच वितळतो, कनेक्टर काळा पडतो, आणि तो बल्ब नियमातही बसत नाही. एलईडीबद्दलही सांगतो. हेडलाइटमधल्या मूळ रिफ्लेक्टरचा, म्हणजे आतल्या आरशाचा, बाक हॅलोजनच्या फिलॅमेंटची जागा धरून काढलेला असतो. स्वस्तातल्या एलईडीत उजेडाची जागा थोडी जरी सरकली तरी तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत. तुम्हाला ‘काय झकास पांढरा पडलाय’ वाटतं, कारण गाडीपुढचे दहा मीटर लख्ख दिसतात. ट्रॉली असते त्याच्या पुढं. कोणताही बल्ब बदलला की गाडी सपाट जागेवर भिंतीपासून पाच-सात मीटरवर उभी करा आणि लो बीमची वरची कड बघा. ती रेघ स्पष्ट हवी आणि हेडलाइटच्या मध्यापेक्षा किंचित खाली. कड फुटली असेल तर तो बल्ब परत करा.

ब्रेकचं थोडक्यात, पण सोडू नका. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट-थ्री प्रतीचं नवं ऑइल 205 अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर तोच आकडा 140 पर्यंत उतरतो. डॉट-फोरचे आकडे 230 आणि 155. गगनबावड्याचा घाट न्यूट्रलमध्ये आणि पाय ब्रेकवर ठेवून उतरणाऱ्याच्या पाइपात ते उकळलं की वाफ होते आणि पेडल फरशीला टेकतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, डॉट-थ्रीच्या जागी डॉट-फोर चालतं. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

टायरकडे. ‘साहेब, अल्टोला चौदा इंची अलॉय बसतील का?’ बसवणारा बसवून देतो हो. पण चाक जड झालं, टायर कमानीला घासायला लागला, पॉवर स्टिअरिंग नसेल तर पापाच्या तिकटीला गाडी वळवताना दंड दुखले, हे तुम्हाला नंतर कळतं. गणित घरी करून बघा. वॅगनआरचं उदाहरण घेऊ. 2019 च्या मॉडेलला खालच्या व्हेरियंटमध्ये 155/80 आर 13 टायर येतो आणि वरच्यात 165/70 आर 14. पहिल्याची रुंदी 155 मिलिमीटर आणि भिंत त्याच्या 80 टक्के, म्हणजे 124 मिलिमीटर. दोन्ही बाजूंची धरून त्यात तेरा इंचाचे 330 मिळवले की उंची 578. दुसऱ्याची तशीच काढली तर 586-587. फरक दीड टक्का. कंपनीनंच त्या गाडीला दिलेला हा आकार आहे, तेव्हा खालच्या मॉडेलवाल्यानं वरच्या मॉडेलची चाकं शोधावीत. काढून ठेवलेला चांगला सेट सेकंडहँडमध्ये मिळतो. पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) जुळतो का ते रिम हातात घेऊन बघा, फोटोवर जाऊ नका.

आणि तारीख वाचा. टायरच्या भिंतीवर लांबट गोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर आठ वर्षांचं, असे टायर ‘नव्यासारखे’ म्हणून विकले जातात. स्टेपनीची तारीख बघायला तर कुणी जातच नाही. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, पंक्चरवाल्याला विचारायची गरज नाही. नायट्रोजनला पैसे मोजायचे तर मोजा, साध्या हवेतही तो 78 टक्के आहेच.

पैसे उरले असतील तर दरवाजे. छोट्या गाडीचा पत्रा पातळ, दार लावलं की डबा वाजतो. ब्यूटाइलचे डॅम्पिंग शीट मिळतात, एका बाजूला अॅल्युमिनियम. पुढची दोन दारं केली तरी हायवेला गाडी वेगळी वाटते आणि कंपनीचेच स्पीकर सुधारल्यासारखे वाजतात. काच वर करायचं हँडल काढताना पाना-पक्कड नको. सुती कापडाची पट्टी हँडलच्या मागं घालायची, दोन्ही टोकं धरून मागं-पुढं ओढायची. आतली क्लिप टुणकन उडते, तेव्हा खाली चादर पसरा, नाहीतर ती शोधण्यात दुपार जाते. आतल्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारत जा. टण वाजेल तिथं शीट दाबून बसवा. सगळा पत्रा झाकायची गरज नाही, पाव-तिसरा भाग पुरतो. एक मात्र बघा, दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. ती बुजवली तर आपल्या पावसात दार आतून सडतं. दाराच्या आतला प्लॅस्टिकचा कागदही फाडून फेकू नका, त्यानंच पाणी अडतं.

सीटकव्हर, मॅट, मोबाइल स्टँड यावर माझं वेगळं काही मत नाही. स्टिअरिंगवरचा गोळा मात्र काढा. आणि ताई, डॅशबोर्डवर देव ठेवायचा तर एअरबॅगच्या झाकणावर नको. ती डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि वर जे काही असेल ते समोरच्याच्या तोंडावर येतं.

कायद्याचं विचारलंय, तेही सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा ठळक केलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुढचा बुलबार केंद्रानं 2017 मध्ये बंद केला. छोट्या गाडीत तर तो धक्का थेट चॅसीला देतो. पुढच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आत यायला हवा. 8055 ला इंग्रजीतला ‘बॉस’ करणाऱ्या नंबरप्लेटबद्दल बोलायची वेळच नको, हाय सिक्युरिटी प्लेट आली आहे. वायर छाटून केलेलं काम शॉर्ट झालं तर विमावाला तेवढंच निमित्त शोधत असतो. म्युझिक सिस्टीमसारखी मोठी वस्तू पॉलिसीत लिहून घ्या, थोडा हप्ता वाढेल.

शेवटचा प्रश्न चिठ्ठीवर आलाय, सीएनजी किटचा. वीस हजारांत ते बसत नाही, पण विचारलंय तर सांगतो. इंधन बदल कायद्यात बसतो, मान्यताप्राप्त किट असेल आणि आरसी बुकात नोंद करून घेतली तर. आपल्या एमएच-09 च्या आरटीओत ती नोंद झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका. सिलिंडरचं वजन मागं येतं, डिकी जाते, मागच्या स्प्रिंग बसक्या असतील तर आधी त्या बदला. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. सेकंडहँड सीएनजी गाडी घेताना डिकीतलं कार्पेट उचला, टॉर्च मारा आणि सिलिंडरवरची टेस्टची तारीख आणि नंबर स्वतः वाचा. विकणारा म्हणेल ‘परवाच केली टेस्ट’, तर सर्टिफिकेट मागा आणि नंबर जुळवा. जुळला नाही तर किमतीवर बोलायच्या आधी उठा.